फाटकाच्या खांबाचं हृदय

रविवारची प्रार्थना आटोपली की आयर्लंडमधल्या आमच्या लेट्रिम परगण्यातले निम्मे भाविक जेवायला घरी जातात आणि निम्मे वैदू फेलिम टलीच्या अंगणात. त्या रविवारी त्याच्या बोळात दोन्ही बाजूंनी मोटारी लागल्या होत्या. पावसाची भुरभुर चालू होती, पण जागचं कोणी हलेना. अंगणाच्या मधोमध माझा धाकटा भाऊ फिंटन शर्टाची बटणं उघडी टाकून खुर्चीवर बसला होता. आज त्याच्या हृदयाचा तिसरा कप होता.

कपाचं प्रकरण असं. फेलिम एका कपात ओटचं पीठ काठोकाठ भरतो, सुरीने सपाट करतो, वर फडकं घट्ट बांधतो आणि कप उपडा करून रोग्याच्या छातीवर दाबत, हलवत, फिरवत प्रार्थना पुटपुटतो. फडकं सोडलं की पिठात खळगा! हृदयाने जेवढं पीठ ओढलं तेवढा रोग मोठा. फिंटनच्या पहिल्या कपात अंड्याएवढा खळगा निघाला होता, दुसऱ्यात अक्रोडाएवढा. तिसऱ्यात पीठ जसंच्या तसं राहिलं की माणूस बरा. फेलिम पैसे घेत नाही आणि आभारही मानू देत नाही. आभार मानले की गुण जातो म्हणे! लोक बिचारे मुकाट्याने अंडी नि व्हिस्कीच्या बाटल्या पायरीवर ठेवून जातात.

"मी सातव्या मुलाचा सातवा मुलगा, हाताला जन्मजात गुण!" फेलिम गरजला. "डॉक्टरांची यंत्रं हृदय बाहेरून बघतात. माझं पीठ आत जाऊन बघतं!"

"पीठ तर फडक्याच्या अलीकडेच असतं," मी म्हणाले.

"गप्प बस गं, अट्रॅक्टा!" चार बायका एकदम माझ्यावर खेकसल्या. माझी भावजय ब्रीज मात्र फिंटनच्या कोटाच्या खिशाकडे बघत होती. त्याला कारण होतं.

पाच आठवड्यांपूर्वी फिंटनची अँजिओप्लास्टी झाली होती. गॉलवे शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी मनगटातून एक बारीक नळी थेट हृदयाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेली, तिथली अरुंद जागा इवल्या फुग्याने रुंद केली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळी बसवली. तेवढा वेळ हा पठ्ठ्या जागा होता आणि डॉक्टरांना गुरांच्या बाजाराची खबर देत होता. दुसऱ्या दिवशी घरी. मनगटावर एक ठिपका, बस्स.

घोटाळा झाला तो तिथेच. "टाका नाही, व्रण नाही," फिंटन सगळ्यांना मनगट दाखवत सुटला. "माझ्या गाईचं बाळंतपण याहून अवघड होतं. यांनी नक्की काही केलं तरी का?" म्हणजे बरं वाटू लागलं ते गॉलवेमुळे, आणि श्रेय गेलं कपाला. फेलिम आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता.

तेही मी हसून सोडलं असतं. पण घरी सोडताना तिथल्या नर्सने फिंटनला माझ्यासमोर बजावलं होतं, "ही जाळी शरीराला परकी आहे. तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत रक्त तिच्यावर गोठू बघतं. या दोन गोळ्या ते गोठू देत नाहीत. आम्हाला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवू नका. दात काढायचा असला तरी आधी फोन. छातीत कळ आली तर स्वतः गाडी हाकत येऊ नका, अँब्युलन्स बोलवा. आणि तो तंबाखूचा पाइप सोडा. आम्ही एक जागा मोकळी केलीय, रोग नाही काढून घेतला."

फेलिमचं फर्मान उलटं होतं. तिसरा कप भरलेला निघाला की गोळ्या तळ्यात! दाढी करताना जरा कापलं तरी रक्त थांबत नाही, म्हणून फिंटन त्या गोळ्यांवर आधीच चिडलेला. दोन्ही पाकिटं त्याने कोटाच्या खिशात आणली होती, आणि तळं अंगणाच्या मागेच होतं.

मी भुताला घाबरत नाही. त्या तळ्याला मात्र घाबरले.

फेलिम कप भरू लागला तशी मी पुढे सरकले. पशुखाद्याच्या गिरणीत मी एकतीस वर्षं पोती भरली आहेत. पीठ ओतणाऱ्याचा हात मला कळतो. आधीच्या दोन्ही रविवारी त्याने पीठ वरून भुरभुरत सोडलं होतं. आज तो चमच्याच्या पाठीने थर थर दाबत होता.

प्रार्थना झाली, फडकं सुटलं. पीठ जसंच्या तसं! टाळ्यांचा कडकडाट झाला. फिंटन उठला आणि त्याचा हात खिशात गेला.

"थांब रे!" मी ओरडले. "फेलिम, अजून एक रोगी आहे."

"कोण?"

"तुझ्या फाटकाचा खांब. पावसात उभा असतो बिचारा."

लोक हसले, आणि त्या हशातच मी कप पळवला. पीठ मोकळं करून वरून भुरभुरत भरलं, सपाट केलं, फडकं बांधलं, खांबावर दाबलं, हलवलं, फिरवलं. फडकं सोडलं तर अंड्याएवढा खळगा!

"अगं बाई, खांबाला हृदयविकार!" कोणीतरी किंचाळलं.

"आता याचा तिसरा रविवार," मी म्हणाले आणि पीठ दाबून भरलं. पुन्हा खांब, पुन्हा फडकं. कप काठोकाठ. "झाला बरा! नाचवा याला!"

"ही जादू नाही," मी सांगितलं. "गिरणीत सैल भरलेलं पोतं लॉरीत हादरलं की वीतभर खाली बसतं. गिऱ्हाईक म्हणतं, माल चोरला. माल तेवढाच असतो, नुसता दबलेला. आधीच दाबून भरलं तर बसणार कुठे?"

"अश्रद्ध बाईचा हात लागला," फेलिम पुटपुटला. "गुण पळाला."

"मग तुझ्याच हाताने तुझ्याच छातीवर लाव. फक्त सैल भर, आधीसारखं."

फेलिमला अचानक गाय दोहायची आठवण झाली. भर दुपारी!

फिंटन मात्र पडेल चेहऱ्याने उभा होता. "मग मला बरं वाटतंय, ते?"

"ते मनगटावरच्या त्या ठिपक्यामुळे, गाढवा. सकाळच्या गोळ्या घेतल्यास?"

"नाही. कालच्याही नाही."

ब्रीज रडायलाच लागली. "तू गेलास तर मी काय या कपाला जेवायला वाढू?" तिने थर्मासातला चहा ओतला, आणि फिंटनने सगळ्या गावादेखत आजच्या गोळ्या गिळल्या. मग तिथूनच गॉलवेला फोन लावला, चुकलेल्या गोळ्यांची कबुली दिली, नर्सची बोलणी खाल्ली आणि पुढे काय करायचं ते ऐकून घेतलं. शेवटी तो मोठ्याने म्हणाला, "आभारी आहे, बाई!"

म्हणाला आणि दचकून छातीवर हात ठेवून थांबला. सगळं अंगण श्वास रोखून बघत होतं.

"काय झालं?" ब्रीजने विचारलं.

"काही नाही," फिंटन म्हणाला. "आभार मानले, तरी गुण गेला नाही."

लोकहो, एवढंच ध्यानात ठेवा. खरा इलाज आभारांनी पळत नाही आणि प्रश्नांनीही पळत नाही. तेव्हा दोन्ही भरपूर करा.