दोन किलो कमी

शेडमध्ये पेट्रोलचा धूर, जळक्या रबराचा वास आणि भाड्याच्या हेल्मेटमध्ये परक्या माणसांच्या घामाचा कुबट दर्प. ताईला या तिन्हींची किळस होती, तरी नऊ वर्षं ती इथे गो-कार्ट पळवत होती. बेकरीत कणीक तिंबून तिंबून तिचे हात दणकट झाले होते, पण बरगड्यांनी दगा दिला होता. दोनदा तडकल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता बस करा, बाई." म्हणून ही शेवटची शर्यत. करंडक एकदाही हाती लागला नव्हता.

शर्यत जोडीची होती. आधी ताई, मग तिचा धाकटा भाऊ. नियम कडक होता: पंचाहत्तर किलोंपेक्षा कमी भरणाऱ्याने जेवढं कमी पडेल तेवढं शिसं सीटखाली बांधायचं. वजन शर्यतीआधी व्हायचं आणि जिंकल्यावर पुन्हा. धाकटा कायम त्र्याहत्तरचा, पण सकाळी काट्यावर चक्क पंचाहत्तर भरला आणि दात काढत खाली उतरला. लग्नानंतर सुटलाय मेला, असं म्हणून ताईने सोडून दिलं.

ती जीव तोडून पळवत होती. ब्रेक दाबायचा तो गाडी सरळ असतानाच. मग अलगद वळवायचं, आणि नजर वळणाच्या शेवटावर. स्टिअरिंगशी कुस्ती खेळलं की मागची चाकं घसरतात आणि कमावलेला वेग मातीत जातो. दर वळणाला सीटची कड बरगडीत रुतत होती. मान ताठली, बोटं बधिर झाली. अर्ध्या तासाने ती पहिल्या नंबरावर उतरली, तेव्हा तिच्या मुठी उघडत नव्हत्या.

धाकट्याला ब्रेक म्हणजे पायपुसणं वाटायचं. वळणावर तो गाडी घसरवत होता, पण सरळ पट्ट्यावर ती अशी काही सुटायची की मागच्याला गाठताच येईना. जिंकले! ताई त्याला मिठी मारायला टायरांच्या ढिगामागे धावली.

तिथे तो बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी ढोसत होता. एक बाटली रिकामी पडली होती. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरत होते.

"काटेवाल्या काकांना जरा बोलण्यात गुंतव," तो ढेकर देत म्हणाला. "सकाळीही असंच केलं. दोन लिटर प्यायलो, वजन दिलं, मग संडासात जाऊन मोकळा झालो. शिसं कोण वाहणार?"

ताई एक पाऊल मागे सरली. त्या ढेकरेपेक्षा हेल्मेटचा वास परवडला.

"मी बरगड्या मोडून घेतल्या, आणि तू मुतून शर्यत जिंकलास?"

"तुझ्यासाठीच केलं ना! आणि कळतंय कुणाला?"

काट्यावर तो पुन्हा बरोबर पंचाहत्तर भरला. काटेवाले काका खूश झाले. नऊ वर्षं त्यांनी तिला रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलं होतं.

"घ्या ताई! एकदाचा तुमच्या नशिबात आला," म्हणत त्यांनी करंडक पुढे केला.

तिचे हात आपोआप उचलले गेले. शेजारी धाकटा मांड्या आवळून उभा होता, तोंड लाल, आणि तिला डोळा मारत होता. तिला त्याची शिसारी आली, आणि पुढे झालेल्या स्वतःच्या हातांचीही. तिने ते मागे घेतले.

"थांबा काका," ती म्हणाली. "याला लागलीये. मोकळा होऊन येऊ दे, मग परत काट्यावर चढवा."