चंद्रावरचं गुऱ्हाळ

जोडलेली वस्तू सुटता कामा नये, हा नाथाजीचा धर्म होता. कुपवाडच्या एका कारखान्यात तो फिटर होता. सायकलचं पायडल असो की शेजारणीच्या कुकरची मूठ, त्याच्या हातून गेली की पुन्हा डुगडुगायची नाही. गल्लीत त्याचं कौतुक होतं आणि ते त्यालाही चांगलंच ठाऊक होतं.

धाकटा भाऊ लालासाहेब त्याच्याच हाताखाली काम शिकला आणि कुवेतला गेला; घर दोघांचं एकच होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या गणपतीला तो सुट्टीवर आला, तेव्हा लेकीसाठी, शालनसाठी, एक खोकं घेऊन आला. आत प्लास्टिकच्या बोटाएवढ्या विटा होत्या. करड्या, निळ्या, काही काचेसारख्या पिवळ्या. एकीवर एक दाबली की टक्क करून बसायची, ओढली की सुटायची. शिवाय हेल्मेट घातलेले दोन चिमुकले गडी. सोबतच्या पुस्तकातली चित्रं बघत गेलं की चंद्रावर जायचं यान तयार व्हायचं. बापलेकीनं सोप्यात पालथं पडून ते जोडलं, आणि पुरं झाल्याबरोबर लालासाहेबानं स्वतःच्या हातानं मोडून टाकलं. शालन रडकुंडीला आली.

"अगं, चित्रातलं कुणीबी करंल," तो म्हणाला. "मी आता वैशाखात येतो. तवर तुज्या मनानं कायतरी कर आन मला दाखव. चंद्रावर काय असावं ते तूच ठरीव."

शालननं ठरवलं, चंद्रावर गुऱ्हाळ असावं. नऊ वर्षांच्या पोरीनं दुसरं ठरवावं तरी काय, गूळ तिचा जीव की प्राण! करड्या विटांचं चुलवाण झालं, निळ्या विटांची रस आटवायची काहील होऊ घातली, आणि दोघांपैकी एक गडी गूळ शिजवणारा गुळव्या म्हणून उभा राहिला.

"गुळव्याला हेल्मेट कशाला गं?" नाथाजीनं विचारलं.

"डोळ्यांत धूर जातोय की तात्या."

नाथाजी पोट धरून हसला. त्याला मूलबाळ नव्हतं. या पोरीवर त्याचा जीव होता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्याला दुष्ट समजायचा.

दिवाळी जवळ आली तसं नाथाजीच्या डोक्यात वेगळंच शिरलं. गल्लीत दारोदार किल्ले व्हायचे. तेच बुरूज, तेच मावळे, तेच अळिवाचं शेत. आपल्या गडावर चंद्रावरचं यान उतरलेलं दिसलं, तर सगळं गाव लोटेल!

"शाले, तेवढं यान जोड की," तो म्हणाला. "दिवाळीपुरतं. मग खुशाल घाल तुजं गुऱ्हाळ."

शालननं अर्धवट काहिलीकडं बघितलं, तात्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि गुऱ्हाळ मोडलं. सगळ्या विटा यानालाच लागल्या.

वसुबारसेला यान गडावर चढलं. शेजारची रंगुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजे म्हाराजास्नी आता घोडं नको!" लोक हसले, नाथाजीची छाती फुगली. तेवढ्यात एका पोरानं यान उचललं आणि त्याचा पंख गळून चिखलात पडला. लोक पुन्हा हसले. हे हसणं मात्र नाथाजीला झोंबलं. त्याच्या दारातली वस्तू, आणि सुटते म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत घालून त्यानं यान कारखान्यात नेलं. शालनला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, दुरुस्तीच तर करायची! प्लास्टिक सांधायला तिथं एक उग्र वासाचं पातळ औषध असायचं. लावलं की दोन्ही कडा विरघळायच्या आणि एकजीव व्हायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यानं बारीक कुंचल्यानं सांधा न् सांधा भरला. हत्ती नाचला तरी सुटणार नाही, म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि मग भाकरी खाल्ली.

दिवाळी झोकात झाली. तुळशीचं लग्न लागलं, किल्ला मोडला, आणि शालन यान मांडीवर घेऊन बसली. तिनं ओढलं. नखं घातली. दात लावले.

"तात्या, सुटंना."

पोरीला ते पुन्हा मोडायचं आहे, हे नाथाजीला ठाऊक होतं, त्यानंच कबूल केलं होतं, आणि कुंचला हातात आला तेव्हा त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

"थंडीनं आवळलं असंल," तो म्हणाला. "उनात ठेव रोज. उन्हाळ्यात सुटंल आपसूक."

फारसं खोटं न बोलणारा माणूस तो, पण हे मात्र पहिल्या झटक्यात जमलं. पोरीनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाताना ती यान तुळशीच्या कट्ट्यावर ठेवू लागली. परत आली की आधी ते ओढून बघायची, मग दप्तर उतरवायची. नाथाजी सायकल काढताना कट्ट्याकडं पाठ करायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. एकदा ती शाळेत असताना त्यानं करवतीचं पातं घालून पाहिलं. कोपऱ्याचा टवका उडाला, सांधा हलला नाही. तुटकी बाजू भिंतीकडं करून त्यानं यान होतं तसं ठेवलं; टवका आपल्याच ओढण्यानं उडाला, असं शालन समजली. उद्या सांगू, असं तो रोज म्हणायचा. होळी गेली, पाडवा गेला.

"तात्या, ऊन तर लय झालं की."

"आजून थोडं," नाथाजी म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

वैशाख लागायच्या सुमाराला एका दुपारी ती त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मीच लय दाबलं असंल. गडावर वाकडं दिसू नये म्हणून. माज्यामुळंच बसलंय ते. आप्पा कुवेतवरनं आले की त्यास्नी तुमी नका सांगू, मी सांगते."

खरं सांगायची आयती चालून आलेली संधी होती. "तुला कोण रागावतंय?" एवढंच बोलून नाथाजी पाणी प्यायला आत गेला, आणि तहान नसताना दोन तांबे प्याला.

लालासाहेब आला. चहा झाला, बॅगा उघडल्या. शालन यान घेऊन समोर उभी राहिली.

"आप्पा, मला चंद्रावर गुऱ्हाळ करायचं व्हतं. न्हाई झालं. मी यान लय दाबून जोडलं, ते सुटंना झालंय."

लालासाहेबानं यान हातात घेतलं. सांध्यावरून नख फिरवलं. ते औषध कसं लावायचं, हे थोरल्या भावानंच त्याचा हात धरून शिकवलं होतं. त्यानं एकदा नाथाजीकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

"असू दे," तो लेकीला म्हणाला. "व्हतं असं कवा कवा. पुढच्या येळंला दुसरं आणू."

सुटलो, असं नाथाजीला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. मग धाकट्या भावाची खाली गेलेली मान त्याला दिसली, आणि चूक कबूल करून मोकळी झालेली ती पोर दिसली.

"शाले, तू न्हाई दाबलंस," तो म्हणाला. "मी चिकटवलं. कारखान्यात नेऊन. दिवाळीतच."

ती रडेल, अशी त्याची तयारी होती. ती रडली नाही. तिनं एकवार यानाकडं बघितलं.

"तुमास्नी तवापासनं ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग मला रोज उनात ठेवायला कशाला सांगिटलंसा?"

गेले सहा महिने नाथाजीनं पुष्कळ उत्तरं रचून ठेवली होती. पंख गळाल्याचं, लोक हसल्याचं, पोरीचं यान मोडू नये म्हणून केल्याचं. ती सगळी चिकटवल्याची होती, रोज खोटं बोलल्याचं त्यात एकही नव्हतं. शालन नाथाजीच्या तोंडाकडं बघत उभी राहिली, तात्या आता खरं काय ते सांगतील म्हणून.