ओट्यावरून सुरू होणारी गाडी

रोहिणखेडच्या महादेवरावांनी साठी उलटल्यावर गाडी चालवायला शिकून घेतलं, तेव्हा गावात कोणाचा विश्वास बसला नाही. सगळ्यांत कमी बसला तो त्यांच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईंचा. नवऱ्याला त्या चांगल्या ओळखून होत्या. सकाळी भेंडी-वांग्याच्या वाफ्यांना पाणी द्यावं, दिवेलागणीला गावचं वाचनालय उघडून बसावं, आणि चारचौघांत बोलायची पाळी आली की चष्मा पुसत राहावं, असा हा माणूस.

मुलाने, कुलदीपने, पुण्याहून आपली जुनी गाडी आणून अंगणात उभी केली होती. अंगणाला कुंपण नव्हतं म्हणून त्याने तिच्यात अलार्म बसवून घेतला. आईला तापलेल्या गाडीत चक्कर येते म्हणून त्याच्या जोडीला रिमोट स्टार्टरही घेतला. ओट्यावरून बटण दाबायचं, इंजिन आपलं आपण सुरू होणार, एसी चालू होणार आणि आई लुगडं सावरून अंगणात येईपर्यंत गाडी थंडगार.

“फक्त एक लक्षात ठेवा, बाबा,” कुलदीपने जाताना समजावलं. “ही गिअरची गाडी आहे. आत माणूस नसताना सुरू व्हायची, तर आपण न्यूट्रलला आहोत याची तिला खात्री पाहिजे. म्हणून आदल्या दिवशीच तिला तयार करून ठेवायचं. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, रिमोटचं बटण दाबा आणि चावी काढून घ्या. इंजिन चालूच राहील, घाबरू नका. उतरून दारं लावून लॉक केलं की ते आपोआप बंद होतं. झाली गाडी तयार.”

“आणि मधेच कोणी दार उघडलं तर?”

“मग सगळी तयारी रद्द. आत कोणीतरी शिरलं, गिअर हलवला असेल, असं ती धरून चालते. नुसते दिवे लुकलुकवते आणि गप्प बसते.”

“हुशार आहे,” महादेवराव म्हणाले, आणि त्यांना उगाच गाडीची भीती वाटली.

अलार्मची ओळख सगळ्या गल्लीला पहिल्याच दिवशी झाली. शेजारचे उकंडराव चपलेत रुतलेला काटा काढायला बॉनेटवर टेकले आणि गाडीने असा गळा काढला की ते एका चपलेवर पार रस्त्यापर्यंत गेले.

“महादेवभाऊ, गाडी घेतली का म्हैस पाळली तुमी? हात लावू देत नाही अंगाले!”

अलार्म महादेवरावांना लवकरच समजला. धक्का लागला की ओरडते, रिमोट दाबला की गप्प होते. इतका सरळ स्वभाव माणसाचाही नसतो. पण तो स्टार्टर मात्र काही केल्या वश होईना. रोज दुपारी ते सांगितल्याबरहुकूम सगळं करत. दारं लावली, लॉक केलं, इंजिन शहाण्यासारखं बंद झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावरून बटण दाबलं की गाडी दिवे लुकलुकवून गप्प. महादेवरावांना वाटायचं, चुकलंच असणार आपलं काहीतरी. आपल्या हातून कोणती गोष्ट पहिल्यांदा बरोबर झाली आहे?

अशात अन्नपूर्णाबाईंच्या भाचीचं, प्रतीक्षाचं, लग्न आलं. लग्न शेगावला, ऐन मे महिन्यात. गावातले नातलग गुलाबरावांच्या जीपमधून जाणार होते. महादेवरावांनी दोन दिवस मनात वाक्य जुळवलं आणि जेवताना म्हटलं, “आपण आपल्या गाडीनं जाऊ. मी चालवतो. तू पुढं बस, माझ्याशेजारी.”

अन्नपूर्णाबाईंनी भाकरी तव्यावर उलटली. “तुमी चालोसान?”

“हो.”

“पंधरा दिवसांपासून पाहून राह्यले मी. सकाळी सकाळी ओट्यावर उभे राहता, अन् त्या बटनाले टोचता. एक बटन जमत नाही, तं मोताळ्याचा चौक कसा जमन तुमाले?”

“जमलं तर?”

“ओट्यावरून चालू करून दाखोली, तं बसते तुमच्याजवळ. नाही तं गुलाबरावच्या जीपमधी बसते मी दाटीवाटीनं, अन् तुमी या मांगून एकटे.”

आता बटण नुसतं बटण राहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांनी शेजारी बसून असा प्रवास कधी केला नव्हता. एसटीत बायकांच्या बाजूला त्या, आणि हे उभे. एकदा तरी आपण न्यावं तिला, एवढंच महादेवरावांच्या मनात होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी दुपारी नेहमीसारखी गाडी तयार केली. संध्याकाळी वाचनालयात गेले, तर गावात वीज नव्हती आणि वाचक एकही नव्हता. कुलूप लावून ते लवकर परतले. अंगणाच्या तोंडाशी आले, आणि पाहतात तर काय! गाडीच्या आत लाल ठिपका चमकत होता, आणि काचांमागे धूर भरला होता.

“गाडी पेटली!” महादेवराव ओरडले. इतक्या मोठ्या आवाजात ते जन्मात ओरडले नव्हते. “उकंडराव, पाणी आणा! गाडी पेटली!”

खिशातला रिमोट काढून त्यांनी दिसेल ते बटण दाबलं. गाडी भोंगा वाजवून किंचाळायला लागली. उकंडराव बादली घेऊन धावत आले, चाकापाशी अडखळले आणि अर्धी बादली महादेवरावांच्या धोतरावर ओतली. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं, आणि दोन्ही कानांवर हात ठेवून, खोकत खोकत अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. बोटांच्या बेचक्यात जळती उदबत्ती होती.

“बंद करा ते! कान फुटून राह्यले माह्ये!”

महादेवरावांनी पुन्हा बटण दाबलं आणि भोंगा थांबला.

“तू... आत काय करत होतीस?”

“काय करत होते म्हंजे? कुलदीपनं समोर शेगावच्या महाराजांचा फोटो लावला नाही का? घरातल्या देवाले उदबत्ती दाखोते, तं गाडीतल्या देवाले काऊन नाही? मंग वारा लागून इझते, म्हून दार लावून घेते.”

“रोज?”

“रोज. तुमी वाचनालयात जाता तवा. देवघराजवळच्या खुंटीवर दुसरी चावी अन् तिचा रिमोट असते ना.” आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुमी शिकून राह्यले गाडी. कोणाच्या भरोशावर सोडू तुमाले?”

महादेवरावांनी आधी चष्मा काढला. मग पुसायचं विसरून ते हसायलाच लागले. ओलं धोतर धरून ओट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उकंडराव उरलेली अर्धी बादली हातात धरून म्हणाले, “गेलं वाटते डोकं.” दार उघडलं की तयारी रद्द! रोज संध्याकाळी ती दार उघडत होती, आणि रोज सकाळी हे स्वतःला दोष देत होते.

त्यांनी बायकोला सगळं नीट सांगितलं. उदबत्ती बंद कर, असं मात्र म्हणाले नाहीत. ती विझेपर्यंत थांबले, आणि मग अंधार पडता पडता गाडी नव्याने तयार केली. शेवटचं दार अन्नपूर्णाबाईंनीच लावलं. लॉक करताच इंजिन आपोआप बंद झालं, तेव्हा त्या पुटपुटल्या, “आइकते की हे.”

सकाळी ऊन चढायला लागलं. अन्नपूर्णाबाई आहेराची पिशवी घेऊन निघाल्या, त्या थेट गाडीकडे. हात दाराच्या मुठीला लागणार, तोच ओट्यावरून गर्जना झाली.

“हात लावू नको!”

बाई जागच्या जागी थांबल्या. नवऱ्याकडे वळून पाहिलं. आपल्यावर चढलेला हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. महादेवराव स्वतःच्याच आवाजाने कावरेबावरे झाले, पण रिमोट पुढे धरून म्हणाले, “तू ये इकडं. तूच दाब.”

“मी? बिघडलं मंग?”

“बिघडू दे.”

अन्नपूर्णाबाईंनी पदराला हात पुसले, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

गाडीचे दिवे लुकलुकले. एक क्षण काहीच झालं नाही. मग रिकाम्या गाडीचं इंजिन घुर्रकन सुरू झालं. कुंपण नसलेल्या अंगणातून जाणारे उकंडराव आत वाकून पाहू लागले. स्टिअरिंगवर कोणी नाही, मागे कोणी नाही. “अरे बापा, महाराजच बसले का काय!” म्हणत त्यांनी हात जोडले.

“म्या केली चालू! म्या!” अन्नपूर्णाबाई ओट्यावर लहान पोरीसारख्या नाचायच्या बाकी राहिल्या.

तेवढ्यात गुलाबरावांची जीप येऊन थांबली. आत माणसांवर माणसं, मांडीवर पोरं, पोरांच्या हातात रुखवताची ताटं.

“वहिनी, चला लवकर! जागा करतो तुमाले!”

“राहू द्या भाऊजी,” अन्नपूर्णाबाईंनी ऐटीत सांगितलं. “माह्यी जागा आहे.”

त्या पुढच्या सीटवर बसल्या. आतल्या गार हवेने त्यांनी डोळे क्षणभर मिटले. महादेवरावांनी किल्ली फिरवली, ब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला. गाडी एकही गचका न खाता निघाली. मोताळ्याचा चौक आला, तेव्हा बाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला. चौक मागे पडला, तेव्हा सोडला. नांदुऱ्याच्या पुढे रस्ता सरळ झाला, आणि समोर धुरळ्यात गुलाबरावांची जीप दिसली, मागे लटकलेल्या माणसांसकट.

महादेवरावांनी सवयीने वेग कमी केला. “राहू दे त्यांना पुढं.”

“पुढं काऊन?” अन्नपूर्णाबाई सीटवर सरसावून बसल्या. “हाना ना जरा जोरात!”