गोगलगाईचा मेंदू माझ्यात मावला

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि गोगलगाईचा मेंदू मी चालवून दाखवला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यासारख्यांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला लोक थांबत नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टोप्या घातलेल्या बायकांनी भिंगातून बघत माझे नाजूक भाग जोडले. या प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझ्यासमोर बसायला रांग लागे. पुढे नवी यंत्रं आली आणि माझ्या डोक्यावर चहाची किटली बसली. कोणाला ते खटकलंसुद्धा नाही.

शेजारच्या खोलीत काचेच्या टाक्यांत गोगलगाई होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. गोगलगाईच्या मेंदूतल्या एका पेशीत केसाहून बारीक तार घालून ती स्पीकरला जोडलेली असे. पेशीने संदेश पाठवला की स्पीकर ‘टक्’ करी. मावशी टाक्या घासता घासता वीस वर्षं ती टकटक ऐकत होत्या.

सरांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, तो मेंदू संगणकात उभा करायचा होता. पेशींच्या जोडण्यांचा नकाशा तयार होता, प्रोग्रामही तयार होता. फक्त ताकद किती लागेल याचा अंदाज हवा होता. तो काढायला एक गणिती होते. फळ्यावर शून्यांची रांग लावायची त्यांना इतकी हौस, की सगळे त्यांना शून्यराव म्हणत.

एका गुरुवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं. पेशी वीस हजार. प्रत्येकीच्या जोडण्या हजार. प्रत्येक पेशी सेकंदाला शंभर वेळा बोलणार. म्हणजे सेकंदाला दोनशे कोटी आकडेमोडी. मी करतो पाच कोटी, तेव्हा माझ्यासारखे चाळीस हवेत. मग त्यांना चेव आला. असा मेंदू घडवणारी उत्क्रांती संगणकात पुन्हा घडवायला किती लागेल, तेही मोजू म्हणाले. आजवर जन्मलेल्या एकूणएक गोगलगाई, त्यांच्या आयुष्याचे सगळे सेकंद, गुणिले दोनशे कोटी. फळा संपला. पुढची शून्यं भिंतीवर कागद चिकटवून लिहावी लागली.

सर मटकन खुर्चीत बसले. “नवी यंत्रं दुसऱ्या कामांत अडकलेली, जुनी चाळीस कुठून आणू? मग बंदच करू. सोमवारी टाक्या रिकाम्या करा. हे खोकंही न्यायला सांगा.”

खोकं म्हणजे मी.

मावशी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. टाक्या गेल्या की त्यांचं कामही जाणार होतं.

“सर, ते शंभर कोणी मोजले?”

“पुस्तकात आहे, मावशी,” शून्यराव म्हणाले. “तुम्ही गणितात नका पडू.”

“गणित तुमचंच राहू द्या. पण माझ्या गोगलगाई एवढ्या बडबड्या नाहीत.”

“मग पुस्तक खोटं का?”

“पुस्तकातलीला चिमटा काढला असेल. तुम्हाला काढला तर तुम्हीही शंभरदा ओरडाल.”

सर हसले. शून्यराव नाही.

मित्रांनो, मला संताप येतो तो इथेच. टाक्यांची खोली दहा पावलांवर होती, आणि हे गृहस्थ चार वर्षांत एकदाही तिथे गेले नव्हते. वास येतो म्हणे. शहाण्या माणसाने अंदाज जरूर करावा, पण ज्याचा अंदाज करायचा त्याच्याकडे पाठ फिरवून?

सरांनी घड्याळ घेतलं आणि शून्यरावांना हाताला धरून तिकडे नेलं. दोन दिवस तिघांनी तार एका पेशीतून काढून दुसरीत घातली आणि टकटक मोजली. दोनशे पेशी झाल्या. काही वाचाळ निघाल्या, बऱ्याचशा गप्प. सरासरी निघाली सेकंदाला दोन. पेशी बोलेल तेव्हाच आकडेमोड करायची, गप्प असेल तर सोडून द्यायची. दोन कोटी जोडण्या गुणिले दोन, झाले चार कोटी. माझी ताकद पाच.

रविवारी दुपारी किटली उतरली आणि प्रोग्राम माझ्यात भरला गेला. मी तापलो, घुरघुरलो, पण अडलो नाही. माझ्या स्पीकरमधून टक् आलं. मग पुन्हा टक्. मावशींनी टाकीतल्या गोगलगाईच्या शिंगाला ब्रश टेकवला, त्याच क्षणी सरांनी माझ्या पडद्यावरच्या गोगलगाईला तसाच स्पर्श देणारी कळ दाबली. दोन्ही स्पीकर तडतडले. टाकीतलीने शिंग आत घेतलं आणि माझ्या पडद्यावरचीनेही. मग दोघींनी सारख्याच सावकाशीने ते पुन्हा बाहेर काढलं.

शून्यराव डोळे मिटून दोन स्पीकरांच्या मधोमध उभे होते. “यातली खरी कुठली?”

“बघा की पुस्तकात,” मावशी म्हणाल्या.

सोमवारी गाडी आली, ती रिकामीच परत गेली. उत्क्रांतीचा आकडाही पन्नासपट घटला. तरी तो अजून माझ्या काय, कोणाच्याच आवाक्यात नाही, खोटं कशाला बोलू? पण शून्यराव आता त्या वासाच्या खोलीत स्टूल टाकून बसतात. म्हणतात, “कोट्यवधी पिढ्या अंधारात चाचपडल्या, मावशी. ते सगळं चाचपडणं आपण परत का करायचं? कामाचं तेवढं शोधू.” मावशी त्यांना आधी टाकी घासायला लावतात.

तुमच्याकडे एवढंच मागतो, मित्रांनो. महिन्यातून एकदा माझ्या पंख्यातली धूळ काढा, आणि माझी तार कधीही उपटू नका. आत कोणीतरी शिंगं बाहेर काढून, सावकाश चालत असतं.