पुष्पा उद्यानातला काना

मी बोलतेय, धुळ्याच्या एका कॉलनीतली तीन कोपऱ्यांची बाग. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, चार बाकं आणि कडुनिंब, एवढाच माझा संसार. माझ्यात फुलझाडं फारशी नाहीत. लोक पाटी वाचतात आणि हसतात, "नाव पुष्प उद्यान, अन् फूल एक नाही!"

हसू द्या. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

आधी मी नुसती मोकळी जागा होते. माझ्या पोटात एक जुनी विहीर होती, तिला कठडा नव्हता. कॉलनीतल्या लोकांनी दोनदा अर्ज दिले, कुणी फिरकलं नाही. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात नळ आटले. गिरणीतल्या अभिमनची नऊ वर्षांची पोर कळशी घेऊन विहिरीवर आली. तिचं नाव पुष्पा. काठाची माती सुटली. ती माती माझीच होती.

दुसऱ्या दिवसापासून तिची आई झुंबरबाई काठाजवळ येऊन बसू लागली. जवळ येणाऱ्या प्रत्येक लेकराला ती हाकलायची. नगरपालिकेचे साहेब समजवायला आले. ती म्हणाली, "मनी पोर गई. दुसरं कोनी जावाले नको. विहीर बुजा, मंग मी उठसू."

ती सतरा दिवस बसली. अठराव्या दिवशी मुरुमाचे ट्रक आले. विहीर बुजेपर्यंत ती उभी राहून बघत होती. शेवटचं घमेलं पडलं तेव्हा मात्र ती मटकन खाली बसली. तोवर ती रडली नव्हती.

शेजारच्या तोताराम मास्तरांनी पुढाकार घेऊन झाडं लावली, पाटी रंगवून आणली. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं.

"मास्तर, यामा मनी पोरनं नाव कोनतं शे?"

मास्तरांनी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. शेवटच्या उभ्या दांडीला ते म्हणाले, "हा काना. इथे पुष्पा पूर्ण झाली."

तेवढा एक शब्द ती वाचायला शिकली. रोज संध्याकाळी यायची, पाटी वाचायची, मुलं खेळताना बघायची आणि घरी जायची.

वर्षं गेली. मास्तर वारले. जुनी बिऱ्हाडं गेली, नवी आली. चौऱ्याण्णव साली माझी डागडुजी झाली आणि रुपचंद पेंटरने नवी पाटी रंगवली. झुंबरबाईने हवेतच बोट फिरवत ती वाचली.

"शेवटली दांडी कोठे गई, भाऊ?"

"अक्का, पुष्प म्हणजे फूल. बागेला शोभतं. मला कागदावर असंच लिहून दिलंय."

"मनी पोरनं नाव शे ते," ती म्हणाली. रुपचंदने ब्रश पुसला. रंगाचे डबे उचलून गेला तेव्हा त्याने मागे पाहिलं नाही.

मग तिने कमरेची चुन्याची डबी काढली. टाचा उंचावून बोटानं एक उभी रेघ ओढली. पावसात ती धुऊन गेली. तिने पुन्हा ओढली. अशी तीन वर्षं ती रेघ ओढत राहिली.

गेल्या दिवाळीपासून ती आलेली नाही. आजारी आहे की गावी गेली, मला कळायला मार्ग नाही. मला जागचं हलता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी इकडून गेलात, तर बोटभर चुना घेऊन या. पाटी फार उंच नाही. टाचा वर केल्या की हात पोचतो.