त्रेचाळिसावा हात

घरात काचेचा पेला फुटला की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं निघतं, ते जरा आठवून बघा. ‘माझ्या हातून फुटला’ म्हणणारा विरळा. ‘इथे काठावर कुणी ठेवला होता?’ हे मात्र आपल्याला झोपेतसुद्धा पाठ असतं. मीही तुमच्यातलाच, तेव्हा शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. पण एका बस ड्रायव्हरची गोष्ट कानावर आली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या ड्रायव्हरची बावीस वर्षं नोकरी झाली, एकही अपघात नाही. बस चालवताना त्याचा फोन डब्याच्या पिशवीत, तोही बंद. त्याची मुलगी सतरा वर्षांची, जन्मापासून तिला दिसत नाही. लहानपणी घरभर गिरक्या घेत फिरायची म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. ही भिंगरी शंभर मीटर पोहण्यात देशातल्या पहिल्या दोघींत होती. पॅरालिम्पिकच्या संघात जागा एक आणि मुली दोन, असा मामला होता.

आता इतक्या वेगात पोहताना भिंत आली हे तिला कळायचं कसं? एक तर हात मोजून. बेचाळीस हात मारले की भिंत, हे तिच्या अंगात भिनलेलं. आणि दुसरं म्हणजे काठी. तलावाच्या काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो, काठीच्या टोकाला स्पंजचा गोळा. भिंत हाताशी आली की तो डोक्यावर हलकी टपली देतो आणि पोहणारा वळतो. सुरुवातीच्या काठावर कोचबाई उभ्या राहायच्या, पलीकडे बाबा. सहा वर्षांत बाबांची टपली एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी चुकली. सरावाआधी त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर काठी हातात घेतलेला स्वतःचा फोटो टाकला होता. खिशात फोन थरथरला. बसमध्ये बावीस वर्षं न केलेली गोष्ट त्याने तलावावर केली. ‘असे वडील सगळ्यांना मिळोत’ असं कुणीतरी लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. तेवढ्यात भिंगरीचे बेचाळीस हात झाले. टपली आली नाही, म्हणजे अजून जागा आहे, असं समजून तिने सगळा जोर लावून त्रेचाळिसावा हात मारला. तो सरळ भिंतीवर.

मधलं बोट मोडलं. तिला वर काढताना ती रडत विचारत होती, काय झालं, काय झालं. आणि बापाच्या तोंडून निघून गेलं, “अगं, मोजायला चुकलीस वाटतं. मी काठी टाकेपर्यंत तू आलीससुद्धा.”

कोचबाईंचं लक्ष तेव्हा घड्याळाकडे होतं. दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. आणि जिचं बोट मोडलं होतं, तिला तर दिसतच नव्हतं.

बोलला खरा, पण ते वाक्य तिथेच थांबलं नाही. बघायला येणारे तेच धरून बसले. दिसत नसलं की असं व्हायचंच, असं मावशी म्हणाली. शेजारच्या आजोबांनी तर बुद्धिबळ खेळायचा सल्ला दिला. भिंगरी मान खाली घालून ऐकत होती आणि बाप चहाचे कप आत नेऊन ठेवत होता. ‘नाही हो, माझं चुकलं’ एवढं म्हणायला त्याला त्या दोन खोल्यांत जागा सापडली नाही.

प्लास्टर तीन आठवड्यांनी निघालं, भीती मात्र पुढे महिना उलटला तरी निघाली नाही. भिंगरी पूर्वीसारखी सुटायची, पण चाळिसाच्या आसपास अंग चोरायची, हात पुढे करून चाचपायची. कोचबाईंनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की दोन सेकंद जातायत आणि दोन सेकंदांत दुसरी मुलगी निवडली जाते. पोरीचा स्वतःच्या मोजण्यावर विश्वास राहिलेला नाही, घरी काही बोलून बघा.

घरी काय बोलणार? घरी ती कपड्यांच्या घड्या घालताना मोजत होती. जिन्यावर, बेसिनपाशी, जेवताना डाव्या हाताच्या बोटांवर, सारखं आपलं मोजणं. आई म्हणाली, अगं दोन घास तरी न मोजता खा. भिंगरी म्हणाली, “आई, माझी सवयच गेलीये, परत लावायला हवी.” बापाने ताट सारलं. भूक नाही म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी डेपोत गाडी तपासणीला होती. डेपोतला मिस्त्री त्याचा जुना दोस्त, गाडीखाली पाठीवर पडून काम करणारा आणि तिथूनच बोलणारा. पोरीचं कसं चाललंय, असं त्याने विचारलं. ड्रायव्हरला गाडीखालच्या त्या दोन पायांशी बोलणं सोपं वाटलं असावं. त्याने सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. हात पुसत म्हणाला, “म्हणजे पोरीची गाडी ठणठणीत आहे आणि तू तिला सांगितलंस की ब्रेक गेलाय. मग ती जपूनच चालवणार की.”

ड्रायव्हरने सारवासारव केली. आता सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल, संघाची निवड चाचणी बारा दिवसांवर आहे, चाचणीनंतर सांगतो म्हणाला.

“तुझ्यावरचा उडेल, बरोबर आहे. उडायलाच पाहिजे,” मिस्त्री म्हणाला. “पण आत्ता तिचा स्वतःवरचा उडालाय. गाडीला एवढासा ओरखडा आला तर तू आपणहून येऊन सांगतोस मला. कारण मी बघणार असतो. पोरगी बघणार नाही, म्हणून गप्प बसलास. खोटं का ते?”

खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं लागलं.

पुढच्या सकाळी सरावानंतर भिंगरी बाकावर केस पुसत होती. बाप शेजारी बसला आणि काठी मांडीवर आडवी धरून म्हणाला, “भिंगरे, त्या दिवशी तुझं मोजणं चुकलं नव्हतं. मी फोन बघत होतो. मी काठी टाकलीच नाही.”

तिने टॉवेल मांडीवर ठेवला. तिने विचारलं, “माझे बेचाळीस झाले होते?”

“माहीत नाही गं. मी बघतच नव्हतो.”

“झाले होते. मी बेचाळीसच मोजले होते.” मग ती ओरडली. “आठ आठवडे, बाबा! सगळे आंधळी म्हणून माझी कीव करत होते आणि तुम्ही तिथेच बसला होतात!”

तिने हात पुढे केला, काठी चाचपून घेतली आणि उठली. उद्यापासून तुम्ही नको, एवढंच म्हणाली.

बापाने विनवलं, तसा दुपारपाळीचा मिस्त्री रोज सकाळी तलावावर काठी धरायला येऊ लागला. टपली द्यायला तो चार दिवसांत शिकला. बाप मुलीला सोडायला यायचा आणि कठड्याबाहेर बसायचा. पण भिंगरी आता बेचाळिसापर्यंत बिनधास्त जात होती. आपलं मोजणं शाबूत आहे हे कळलं, तसा तिचा हात मोकळा सुटला.

चाचणीच्या दिवशी तो प्रेक्षकांत बसला होता. भिंगरीच्या हाताशी भिंत आली, टपली, गिरकी, आणि परतीला तिने दुसऱ्या मुलीला हातभर मागे टाकलं. निवड झाली! शेजारचे गृहस्थ म्हणाले, धन्य तुमची, अशा मुलीसाठी किती केलंत. पूर्वी त्याला हे ऐकून दिवसभर पुरलं असतं. आज तो म्हणाला, “तिचं बोट माझ्यामुळे मोडलं होतं. ती स्वतःच्या जोरावर जिंकली.” मग नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने हेच लिहिलं, एकही शब्द न गाळता. उत्तरं वाचायला मात्र थांबला नाही.

भिंगरी महिनाभर कामापुरतंच बोलली. मग एका रविवारी म्हणाली, “उद्यापासून काठी तुम्ही धरा. फोन माझ्या पिशवीत ठेवायचा. आणि चुकलात तर तिथल्या तिथे सांगायचं.”

पहिल्याच दिवशी टपली जरा उशिरा पडली. तिची बोटं भिंतीला घासून गेली. ती पाण्याबाहेर तोंड काढते न काढते तोच बाप साऱ्या तलावाला ऐकू जाईल असा ओरडला, “माझं चुकलं, भिंगरे! उशीर झाला! तुझं बरोबर होतं!”

“कळलं हो, गावाला नका सांगू,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुटली.

मंडळी, आपण त्याच्या जागी कितीदा असतो! पायरी आपण तुटकी ठेवतो, आणि कुणी पडलं की म्हणतो, त्याला दिसत नाही, त्याने जपून यायला हवं होतं. ज्याने आपल्यावर भरवसा टाकला, त्याला हात देणं हे उपकार नाहीत, ते काम आहे आणि ते चुकूही शकतं. चुकलं तर आपलं म्हणून सांगावं, तेही लगेच. आपली चूक दुसऱ्याच्या अपंगत्वाच्या माथी मारली, तर मोडलेलं बोट तीन आठवड्यांत जुळतं, पण तो माणूस पुढे कितीतरी दिवस जेवतानासुद्धा मोजत बसतो.