वारा पडेपर्यंत

डिसेंबर सरत आला होता. गावाकडं मखमलाबादच्या मळ्यात थंडीनं भाजी खुडायला बोटं वळत नव्हती, आणि ललिताबाई अंदमानातल्या नील बेटावर पदरानं घाम पुसत उभ्या होत्या. लेक प्रतिभा पोर्ट ब्लेअरला नांदायला गेल्यापासून बोलावत होती. यंदा मळा दिरावर सोपवून त्या आणि त्यांचे यजमान धनराजभाऊ एकदाचे निघाले. आणलेले स्वेटर पिशवीतच राहिले.

प्रतिभा त्यांना एका दिवसासाठी नीलला घेऊन आली, आणि दुपारीच वारा सुटला. तळ दिसतो म्हणून तिनं वाखाणलेलं पाणी गढुळलं, लाटा धक्क्यावर आपटू लागल्या, परतीची बोट रद्द झाली.

"रंगीत मासे दाखवते म्हणली व्हतीस ना?" धनराजभाऊ लेकीवर चिडले.

"दादा, वारा काय माझ्या हातात आहे?"

ललिताबाईंना मनातून हायसंच वाटलं. पाण्याची त्यांना लहानपणापासून धास्ती. गावाकडं गंगेच्या घाटावर गेल्या तरी पायरीवर बसून तांब्यानं अंगावर घ्यायच्या.

मुक्काम एका लहानशा लॉजमध्ये पडला. सकाळी पावणेसहालाच लख्ख उजाडलं. वारा तसाच होता. ललिताबाई मागच्या बाजूला गेल्या, तर समोर वांग्याचा मळा! लॉज चालवणारी शेफाली नावाची बंगाली बाई वाकून वांगी तोडत होती. ललिताबाईंनी विचारलं नाही की सांगितलं नाही, पदर खोचला आणि दुसऱ्या सरीत शिरल्या.

"अरे दीदी, आप मेहमान है!" शेफाली म्हणाली.

"मेहमान बिहमान कुछ नई. हमारा भी येईच काम है."

दिवसभर दोघींची मोडक्या हिंदीत गट्टी जमली. शेफालीनं मोहरीतलं वांगं खाऊ घातलं. धनराजभाऊ माशांचं दुःख विसरून बोटं चाटत राहिले.

रात्रीतून वारा पडला. सकाळी समुद्र असा निवांत, जसं काही घडलंच नव्हतं. ओहोटी होती. शेफालीनं ललिताबाईंना हात धरून पाण्यात नेलं. पाणी कोमट. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. ललिताबाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"नीचे देखो, दीदी!"

त्यांनी पाहिलं. स्वतःच्या पायाची बोटं दिसत होती, जोडवी चकाकत होती, आणि बोटांमधून निळे इवलेसे मासे पळत होते.

"आवं! इकडं या! लय मासं हायेत!" त्यांनी काठाकडे हाक मारली.

धनराजभाऊ ऐटीत धावत आले, बुडी मारली, आणि खारं पाणी नाकात जाऊन खोकत वर आले. प्रतिभा काठावर हसून हसून वाळूत बसली.

"आई, दादा, दुपारी बोट आहे हं. आवरायला घ्या आता," ती ओरडली.

"तुला जायचं तर जा बाई," ललिताबाई पाण्यातूनच म्हणाल्या. "आम्ही उद्या येतो."

आणि खरंच, दोघं आणखी एक दिवस राहिली.